डोंगर राखणाऱ्यांचे देणे

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. दुसरी वैतरणा. ती पश्चिमेची वाट धरते. तिचा प्रवास त्या मानाने लहान, दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा आहे. मोखाडा, वाडा, पालघर असा डोंगरउतार पार करीत ती अर्नाळ्याच्या उत्तरेस अरबी समुद्रात विलीन होते. पिंजाळ, देहर्जे, सूर्या आणि तानसा या तिच्या उपनद्या होत. वसई, विरार, पालघर, तसेच मुंबई या भागांतील बहुतेक घरांत नळाला येणारे पाणी याच नदीकुटुंबाचे किंवा तिच्या शेजारच्या भातसा नदीचे आहे.

हे पाणी मिळविण्यासाठी गेली सव्वाशेहून अधिक वर्षे डोंगरात बांधकामे चालू आहेत. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये उभे राहिले. त्यानंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि अगदी अलीकडे मध्य वैतरणा ही धरणे झाली. मुंबईला मिळणाऱ्या एकूण पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकटे भातसा धरण पुरविते. सूर्या नदीवरील धामणी धरण डहाणू, पालघर व विक्रमगड या भागांतील शेतीला पाणी मिळावे म्हणून योजिले गेले होते. पुढे त्यातील पाणी शहरांकडे वळविण्यात आले. आज सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची एकूण क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर आहे. त्यापैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याचे असून हा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. उरलेले २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहेत. शेतीचे पाणी शहरांना देण्यास तेथील शेतकऱ्यांनी व आदिवासी संघटनांनी वेळोवेळी हरकत घेतली आहे, हेही येथे नमूद करावयास हवे.

आता डोंगराच्या वरच्या बाजूस पाहू. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत मोखाडा व शहापूर तालुक्यांतील अनेक पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. धरणाची भिंत दिसेल इतक्या जवळ राहणाऱ्या स्त्रिया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा जमातींची ही वस्ती आहे. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी आणि वरई पिकते. ती घरात आली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ती पावसाळ्यापर्यंत राबतात. डोंगरावरून पाणी खाली येते आणि त्याच वाटेने माणसेही खाली येतात.

डोंगराळ प्रदेशातील निसर्गाचे मूल्य आणि त्याचे व्यवस्थापन हा विषय विद्वानांच्या परिषदांत नेहमी चर्चिला जातो. तेथे जी परिभाषा वापरतात तिच्यामागील प्रश्न मात्र साधा आहे. डोंगरावरील रान, गवत, माती आणि झरे यांचा बहुतेक लाभ पायथ्याच्या लोकांना मिळतो. ते राखण्याचा भार मात्र वर राहणाऱ्यांवर पडतो. हा हिशेब जुळविल्याशिवाय डोंगर टिकणार नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

डोंगर पाणी कसे धरून ठेवतो

सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. हा काळा कातळ घट्ट असतो आणि त्याच्या पोटात फारसे पाणी मावत नाही. पाणी मावते ते त्याच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या कुजलेल्या खडकात, ज्याला आपण मुरूम म्हणतो. पावसाचे पाणी या मुरुमातून खाली झिरपते. खाली घट्ट थर लागला की ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाड्यावरची विहीर किंवा पाणवठा बहुधा अशाच झऱ्यावर असतो. ओढ्याला मार्चपर्यंत धार राहते ती याच झऱ्यांमुळे.

झरा किती काळ टिकेल हे पाऊस किती पडला यावर जेवढे ठरते, तेवढेच तो जमिनीत मुरण्यास किती अवकाश मिळाला यावरही ठरते. रानात पालापाचोळ्याचा थर असतो, मुळांनी माती सैल केलेली असते, झुडपे आणि गवत वाहत्या पाण्याला अडवितात. हे आच्छादन गेले की तोच पाऊस काही तासांत ओढ्यातून वाहून जातो आणि जाताना माती सोबत नेतो. ती माती पुढे धरणात गाळ म्हणून बसते. म्हणजे एकाच चुकीचे दोन तोटे होतात. वरच्या पाड्याचा झरा लवकर आटतो आणि खालच्या शहराच्या धरणाची साठवणक्षमता घटते.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक वाटते. झाडे लावली की पाणी वाढते, हे सरसकट खरे नाही. झाडे स्वतःही पाणी पितात. कोठे कोणते झाड लावावे याचा विचार न करता निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची एकसुरी लागवड केल्यास लाभापेक्षा हानीच अधिक होऊ शकते. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाचे सडे ओसाड दिसतात, म्हणून तेथे खड्डे खणून रोपे लावण्याची हौस पुष्कळांना असते. पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामांतूनही वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात आणि त्यांमागील भावना स्तुत्य असते. परंतु सडा हे ओसाड रान नव्हे. ती गवताची, रानफुलांची आणि पावसाळी डबक्यांची स्वतंत्र परिसंस्था आहे. तिला झाडांची गरज नसते.

याचे उत्तम उदाहरण साताऱ्याजवळील कास पठार होय. सुमारे बाराशे मीटर उंचीवरील या पठारावर साडेआठशेच्या आसपास वनस्पतींच्या जाती नोंदविल्या गेल्या आहेत. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा म्हणून समावेश केला, त्यांत कोयना, चांदोली व राधानगरी यांच्यासमवेत कासही आहे. पठारालगतच्या कास तलावाचे पाणी सातारा शहराला मिळते. फुलांच्या हंगामात पर्यटकांची गर्दी होऊ लागली तेव्हा आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी वनखात्याच्या साहाय्याने प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दररोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा अशी व्यवस्था बसविली. त्यातून गावांना रोजगार मिळाला. फुले वाचविण्यासाठी पठाराला तारेचे कुंपणही घालण्यात आले होते. काही वर्षांनी ग्रामस्थ व अभ्यासक सांगू लागले की गुरांची चराई थांबल्याने गवत उंच वाढते आणि बुटक्या रानफुलांना दडपून टाकते. अखेर ते कुंपण काढण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या चरणारी गुरे त्या परिसंस्थेचाच भाग होती. निसर्ग राखणे म्हणजे माणसाला बाहेर काढून कुलूप लावणे, अशी समजूत असणाऱ्यांनी कासची ही हकीकत ध्यानात ठेवावी.

किंमत कशी मोजावी

देवाने दिलेल्या निसर्गाला पैशांत मोजणे कित्येकांना रुचत नाही, आणि ती भावना चुकीची म्हणता येणार नाही. तथापि ज्या गोष्टीची किंमत हिशेबात धरली जात नाही, ती व्यवहारात शून्य धरली जाते, हा आपला अनुभव आहे. या बाबतीत अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे उदाहरण जगभर दिले जाते आणि ते थोडे सविस्तर समजून घेण्यासारखे आहे.

न्यूयॉर्कला सुमारे दोनशे किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून, कॅट्सकिल पर्वताच्या परिसरातून पाणी येते. सुमारे नव्वद लाख लोक ते पितात. विसाव्या शतकात शहराने तेथे एकामागून एक जलाशय बांधले. त्यासाठी डोंगरातील जमिनी सक्तीने ताब्यात घेतल्या आणि गावेच्या गावे पाण्याखाली घातली. त्याची कटुता लोकांच्या मनात पुढील पिढ्यांतही टिकून होती. १९८९ साली अमेरिकेच्या केंद्र शासनाने पिण्याच्या पाण्याचे नियम कडक केले. आता शहरापुढे दोन पर्याय होते. प्रचंड गाळणी केंद्र बांधावे, किंवा डोंगरातच पाणी शुद्ध राहील अशी व्यवस्था करावी. केंद्राचा खर्च सहा ते आठ अब्ज डॉलर आणि शिवाय ते चालविण्याचा खर्च दरवर्षी सुमारे तीस कोटी डॉलर होणार होता.

शहराने प्रथम जुन्याच पद्धतीने डोंगरातील शेतकऱ्यांवर निर्बंधांची यादी लादण्याचा प्रयत्न केला. गावे एकत्र आली आणि न्यायालयात गेली. मग बोलणी झाली व जानेवारी १९९७ मध्ये करार झाला. त्यातील अटी पाहण्यासारख्या आहेत. जो स्वखुशीने विकेल त्याचीच जमीन रास्त भावाने घ्यावयाची. गोठ्यांतील शेणमूत्र ओढ्यात जाऊ नये यासाठी गोठे सुधारण्याचा खर्च शहराने द्यावयाचा. गावांची सांडपाणी केंद्रे आणि घरांच्या शौचटाक्या यांचीही दुरुस्ती शहराने करून द्यावयाची. हा सारा कार्यक्रम सुरुवातीस सुमारे दीड अब्ज डॉलरचा होता, म्हणजे गाळणी केंद्राच्या खर्चाचा लहानसा हिस्सा. तेथील पाणी आजही गाळणी केंद्राविना, केवळ निर्जंतुक करून शहराला दिले जाते. डोंगराच्या सेवेचे मूल्य किती, या प्रश्नाचे उत्तर तेथे कोणी पुस्तकात शोधले नाही. ती सेवा बंद पडली असती तर किती खर्च आला असता, यावरून ते मिळाले.

आपल्या देशातही वनांची किंमत ठरलेली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. खाण, धरण किंवा रस्ता यासाठी वनजमीन वापरावयाची झाल्यास त्या वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे दर मान्य केले. वनाचा प्रकार व घनता पाहून ते हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजार रुपयांपर्यंत होते आणि २०२२ मध्ये ते वाढविण्यात आले. या निधीच्या विनियोगासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. परंतु यातील विपर्यास पाहा. वन नष्ट करावयाचे असेल तेव्हा त्याची किंमत भरावी लागते. ज्यांनी ते राखले आहे त्यांना मात्र ते राखल्याबद्दल कोणी काही देत नाही. राज्यांच्या पातळीवर अलीकडे थोडा बदल झाला. केंद्रीय करांतील वाटा ठरविताना चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५ ते २०२०) राज्याच्या वनाच्छादनाला साडेसात टक्के भार दिला आणि पंधराव्या आयोगाने तो दहा टक्के केला. मात्र ती रक्कम राज्याच्या तिजोरीत जमा होते. मोखाड्यातील पाड्यापर्यंत ती पोहोचण्याचा मार्ग त्यात नाही.

सुखोमाजरीचा धडा

हा मार्ग कसा असू शकतो हे पाहण्यासाठी हरियाणातील शिवालिक टेकड्यांत जावे लागेल. चंदीगढ शहराच्या शोभेसाठी १९५८ साली सुखना सरोवर बांधण्यात आले. काही वर्षांतच ते गाळाने भरू लागले. वारंवार गाळ काढण्यात पैसा खर्च होई आणि पुढील पावसात पुन्हा गाळ येई. सत्तरच्या दशकात मृद्‌संधारण शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा व त्यांचे सहकारी गाळाचा माग काढीत सुखोमाजरी या लहानशा डोंगरी गावापर्यंत पोहोचले. गावाभोवतीच्या टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या होत्या, आणि गावकऱ्यांच्या शेळ्या व गुरे तेथेच चरत असत. शेती पावसावर अवलंबून होती. त्यामुळे जनावरे हाच गावाचा आधार होता.

चराई बंद करा, असे सांगून उपयोग नव्हता. मिश्रांनी गावासाठी मातीचा लहान बंधारा बांधविला आणि त्याचे पाणी शेताला मिळेल अशी सोय केली. पाणी हवे असेल तर बंधारा गाळाने भरता कामा नये, आणि तो भरू नये म्हणून टेकडीवरची मोकाट चराई थांबली पाहिजे, हे गावाला समजले. परंतु भूमिहीनांचे काय? शेतच नसेल तर पाण्याचा उपयोग तो काय, आणि पाण्यात वाटा नसेल तर त्याने शेळ्या का आवराव्यात? यावर निघालेला तोडगा अपूर्व होता. जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला पाण्यात समान वाटा मिळाला आणि ज्याला नको असेल त्याने आपला वाटा विकावा अशी मुभा ठेवण्यात आली. गावाची पाणी-वापर संस्था स्थापन झाली. टेकड्यांवर भाभड गवत वाढले. दोरखंड व कागद यांसाठी त्याला मागणी होती. शेळ्या कमी झाल्या आणि घरोघरी म्हशी आल्या. सरोवरात येणारा गाळही लक्षणीय घटला.

हे चित्र कायम टिकले, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे बंधाऱ्यांतही गाळ साचला, गवताच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून वनखाते व गाव यांच्यात कुरबुरी झाल्या आणि संस्थेचा उत्साह मावळला. लाभातील वाटा जोवर निश्चित होता, तोवर गावाने टेकडी राखली. हिमाचल प्रदेशातील पालमपूर नगरपरिषदेने २०१० साली याहून सरळ मार्ग स्वीकारला. शहराला पाणी पुरविणारा बोहल झरा ज्यांच्या रानात आहे, त्या ग्रामस्थांच्या समितीशी करार करून वनरक्षणासाठी वार्षिक रक्कम देण्याचे तिने मान्य केले. रक्कम मोठी नव्हती. पण पाणी फुकट येत नाही, हे तिने कागदावर कबूल केले.

पश्चिम घाटाचे अहवाल आणि केरळमधील आपले बांधव

गुजरातच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे सोळाशे किलोमीटर पसरलेल्या पश्चिम घाटाचे काय करावे, यासाठी केंद्र शासनाने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. तिने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो शासनाने अनेक महिने दडवून ठेवला. माहिती अधिकाराखाली लढा दिल्यानंतर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. या अहवालातील निर्बंधांची चर्चा पुष्कळ झाली. त्यातील दुसरी बाजू मात्र झाकोळली गेली. अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून घ्यावेत, असे समितीचे सांगणे होते. तीस टक्क्यांहून अधिक उतारावर वार्षिक पिकांऐवजी बहुवर्षायू पिके घ्यावीत, परंतु मातीत कर्ब साठविणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल मोबदला द्यावा आणि आपल्या जमिनीवर नैसर्गिक झाडोरा दीर्घकाळ राखणाऱ्या लहान जमीनधारकांना संवर्धन-सेवेचे शुल्क द्यावे, अशा शिफारशी त्यात होत्या. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने एप्रिल २०१३ मध्ये दुसरा अहवाल दिला आणि घाटाचे सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरविले. त्यावर आधारित अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून पुनःपुन्हा प्रसिद्ध होत आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा निघालेल्या मसुद्यात सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र असून त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर आहे.

या अहवालांना सर्वांत तीव्र विरोध केरळच्या डोंगराळ भागात झाला, आणि त्यात कॅथलिक समाज व धर्मगुरू आघाडीवर होते. हे आपण टाळून पुढे जाऊ नये. इडुक्की आणि वायनाडच्या डोंगरांत १९४०च्या दशकापासून, अन्नटंचाईच्या काळात, सखल भागातील सिरियन ख्रिस्ती शेतकरी मोठ्या संख्येने जाऊन वसले. हिवताप, रानटी हत्ती आणि दारिद्र्य यांच्याशी झगडून त्यांनी मिरी, वेलदोडा व रबराची लागवड केली. कित्येकांच्या हातात जमिनीचे पक्के कागद नव्हते. अशा माणसांपर्यंत इंग्रजीतील अहवाल पोहोचला तो अफवांच्या रूपाने. घरे रिकामी करावी लागतील, गाय पाळता येणार नाही, पीक घेता येणार नाही, असे सांगितले गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये थामरशेरी येथे वनखात्याचे कार्यालय जाळण्यापर्यंत मजल गेली. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु ज्याला कोणी विचारले नाही, ज्याला मोबदल्याची शिफारस वाचून दाखविली नाही आणि ज्याच्यापुढे फक्त निर्बंधांची यादी ठेवली गेली, त्याची भीती खोटी म्हणता येत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत डोंगरांनी स्वतःच बोलावयास सुरुवात केली. २०१८ चा महापूर, ऑगस्ट २०१९ मधील पुथुमला व कवळप्पारा येथील दरडी, ऑगस्ट २०२० मध्ये इडुक्कीतील पेट्टिमुडी, आणि ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्काई व चूरलमला ही गावे. शेवटच्या दुर्घटनेत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच तारखेस, बरोबर दहा वर्षांपूर्वी, पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन १५१ जण दगावले होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले.

प्रत्येक दरड माणसाच्या चुकीनेच कोसळते असे नाही. वायनाडमधील दरड उंचावरील रानातून सुटली होती, आणि काही तासांत पडलेल्या अतोनात पावसापुढे चांगला झाडोराही टिकत नाही. पण उतार कापून केलेले रस्ते, खाणी आणि बुजविलेले ओढे यांनी धोका वाढतो, याविषयी दुमत नाही. आणि मृतांची यादी वाचली तर त्यांत कोण दिसतात? आदिवासी, लहान शेतकरी, चहामळ्यांतील मजूर. डोंगराच्या सेवांचा लाभ घेणारे दूर असतात आणि डोंगर कोसळतो तेव्हाही ते दूरच असतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात ‘पर्यावरणीय ऋण’ ही कल्पना मांडली. श्रीमंत देशांनी गरीब देशांची निसर्गसंपत्ती वापरून जे देणे करून ठेवले आहे, त्याविषयी ते बोलत होते. कोणत्याही प्रकल्पाच्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असले पाहिजे, असेही त्यांनी तेथे सांगितले आहे. हे ऋण देशादेशांत असते तसे एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांतही असते. पालघर जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून ते दाखविता येईल.

वीस रुपयांचा हिशेब

वसईकरांना पाण्याचा प्रश्न नवा नाही. हरित पट्ट्यातील विहिरींतून टँकरने होणारा बेसुमार उपसा आणि त्यामुळे खारट होणारे पाणी यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने दिलेला लढा ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. आमच्या भूमीतील पाणी आम्हांला न विचारता नेऊ नका, असे आपण तेव्हा म्हणत होतो. आज सूर्येचे पाणी आपल्या घरी येते आणि विक्रमगड तालुक्यात देहर्जे नदीवर वसई-विरारसाठी आणखी एका धरणाचे काम हाती घेण्यात आले आहे. तेच वाक्य आता वरच्या पाड्यांतील लोक आपल्याला ऐकवीत आहेत.

थोडे गणित करू. वसई-विरारला सूर्या योजनेतून मिळावयाचे पाणी दररोज १८५ दशलक्ष लिटर, म्हणजे साडेअठरा कोटी लिटर. प्रत्येक हजार लिटरमागे केवळ एक रुपया डोंगरासाठी बाजूला ठेवला तर दिवसाला १ लाख ८५ हजार आणि वर्षाला सुमारे पावणेसात कोटी रुपये जमतील. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी असे शासकीय प्रमाण धरले, तर पाच जणांच्या कुटुंबावर याचा भार महिन्याला वीस रुपयांच्या आसपास पडतो. मुंबईने हाच एक रुपया दिला, तर तिच्या दररोजच्या सुमारे ३,९०० दशलक्ष लिटरवर वर्षाला १४० कोटींच्या घरात रक्कम होईल.

हा पैसा कोणाला द्यावयाचा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. तो महापालिकेच्या किंवा एखाद्या खात्याच्या सर्वसाधारण खात्यात गेला तर डोंगराला त्यातील एक पैसाही दिसणार नाही, अशी शंका घेणाऱ्यांशी मी सहमत आहे. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क आणि आपल्या रानाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाने असा हक्क मिळवून उजाड रान पुन्हा उभे केले, तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारात आणली आणि २०१४ मध्ये राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा भारतातील जैवविविधता पुरस्कार मिळविला. ज्या ग्रामसभांपाशी असे हक्क आहेत, त्यांच्याच व्यवस्थापन समितीला ही रक्कम थेट देता येईल. मात्र पैशाच्याही आधी पाणी आले पाहिजे. ज्या पाड्याच्या रानातून शहराची जलवाहिनी भरते, त्या पाड्यावर मे महिन्यात टँकर येत असेल तर मोबदल्याची भाषा करणे ही त्या लोकांची थट्टा ठरेल.

दिलेला पैसा कामी लागला की नाही, हे मोजण्याची रीतही उपलब्ध आहे. सिक्कीम शासनाने २००८ मध्ये ‘धारा विकास’ या नावाने आटत चाललेल्या झऱ्यांच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेतील भूजलतज्ज्ञांनी त्यास साहाय्य केले. झऱ्याला पाणी कोणत्या उतारावरून मिळते ते खडकांच्या थरांवरून शोधावयाचे, तेथे चर व खड्डे खणून पावसाचे पाणी मुरवावयाचे आणि झऱ्याची धार नियमित मोजावयाची, अशी ती पद्धत आहे. गावातीलच तरुणांना ही मोजणी शिकविण्यात आली. एक बादली भरावयास किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहून मिनिटाला किती लिटर पाणी येते याची नोंद वहीत केली जाते. जव्हार-मोखाड्यात हे काम करावयाचे झाल्यास पहिली नोंद पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस घ्यावी लागेल आणि त्यानंतर दर महिन्याला, झरा आटेपर्यंत.